पिंजऱ्यातला साक्षीदार

मित्रांनो, मंठ्यात आमच्या घरी कुणी नवीन माणूस आलं की आधी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बघतं आणि विचारतं, "राघू उडाला का हो?" राघू नव्हताच कधी. पिंजऱ्यात मी आहे, एक जुना संगणक. चारी बाजूंनी सळया, सळयांवर बारीक जाळी, पुढं कुलूप. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून माझ्या मालकिणीनं, दैवशालानं, तो वेल्डरकडून करून घेतला. भल्यासाठीच केला. पण कुलूप भल्यासाठी लावलं तरी आतल्याला ते कुलूपच असतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते जालन्यात, एका बियाणे कंपनीच्या कचेरीत. सात वर्षं मी कपाशीच्या बियाण्याची बिलं काढली. तिथले कारकून अप्पाराव रोज सकाळी माझ्यावर फडकं फिरवायचे आणि म्हणायचे, "हे मशीन म्हंजे आपली दुभती गाय हाय, बरं का!" मंग नवी, चपटी मशीनं आली. दुभत्या गायीची रवानगी गोदामात झाली. दोन पावसाळे मी पोत्यांखाली पडून होतो. शेवटी मस्तगडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात पोचलो आणि तिथून दैवशालानं मला उचललं.

दैवशाला मंठ्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. बारावीनंतर वडील गेले, कॉलेज राहिलं. घरी तिची माय पुष्पाबाई शिवणकाम करायची. पण पोरीच्या बोटांत विद्या होती. दुकान सांभाळून ती आपली आपण शिकली, परदेशी लोकांचे प्रोग्राम तपासून देऊ लागली, आणि त्यांनी मोबदला म्हणून दिलेली ऑनलाइन नाणी तिनं एकही न मोडता जपली.

तिनं माझं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकून काढली, मोठी नवी डिस्क बसवली. दोन प्रोग्राम माझ्यात घातले. एक नोंदी सांभाळणारा, दुसरा साक्ष देणारा. पहिले दोन महिने तिनं मला सरावाच्या जाळ्यावर, म्हणजे खोट्या नाण्यांच्या नेटवर्कवर चालवलं. त्यानंतर मी खऱ्या जाळ्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या. त्याला सहा दिवस लागले. मी एवढा तापलो की पुष्पाबाई म्हणाल्या, "दैवशाले, याच्यावर भाकरी भाजती का काय?"

माझं काम तुम्हाला सोपं करून सांगतो. जगभर माझ्यासारखे लाखो संगणक त्या नाण्यांची देवघेव लिहिलेल्या एकाच वहीकडे बघत बसलेले असतात. वहीला नवं पान जोडलं की ज्याची पाळी असेल त्यानं साक्ष द्यायची, "होय, हे पान मी पाहिलं, ते खरं आहे." माझी पाळी दर साडेसहा मिनिटांनी येते. साक्षीदारानं खोटं बोलू नये म्हणून आधी अनामत ठेवावी लागते. दैवशालानं जपलेली सगळी नाणी अनामत ठेवली. साक्ष द्यायची राहिली तर किरकोळ कापतात. पण एकाच पाळीला दोन वेगवेगळ्या साक्षी दिल्या, तर अनामतीचा लचका तोडतात, साक्षीदाराला जाळ्याबाहेर हाकलतात, आणि नावापुढचा तो डाग सगळ्या जगाला कायमचा दिसत राहतो.

तीन वर्षं मी साक्ष देत होतो, मित्रांनो. ऊन असो, सण असो, घरात पाहुणे असोत, दर साडेसहा मिनिटांनी "होय, पाहिलं." काय पाहिलं? तर परक्या मुलखातल्या परक्या लोकांची देवघेव. माझ्या खोलीच्या खिडकीत चिमण्या काय करून राहिल्यात, ते मला कधी दिसलं नाही.

दैवशालाही माझ्याशीच बांधलेली. मामाच्या मुलीचं लग्न अंबडला होतं, तर अक्षता पडताच ही माघारी. मंठ्याची लाइट दिवसातून चारदा जाते. म्हणून तिनं अशी सोय केली की वीज आली की मी आपोआप उठावं आणि लागलीच कामाला लागावं. खरं तर उठल्यावर थोडा वेळ गप्प राहून, आपल्याच नावानं दुसरं कुणी बोलतंय का, हे ऐकायची एक सोय माझ्यात होती. पण त्यात दरवेळी दोन-तीन पाळ्या बुडायच्या. तिनं ती बंद केली. तिला एकही साक्ष चुकलेली खपत नव्हती.

कारण तिच्याकडं पदवी नव्हती. माझी स्वच्छ साक्ष हाच तिचा दाखला होता. त्याच जोरावर पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. अशीच शेकडो मशीनं सांभाळायचं काम होतं. तारीख नेमकी खंडेनवमीची.

जायच्या आधी तिनं बदनापूरला भावाला फोन लावला. हरिओमकडे तिनं एक जादा संगणक ठेवला होता. साक्षीवर माझी सही करणाऱ्या डिजिटल किल्ल्यांची नक्कल त्यात होती, पण साक्ष देणारा प्रोग्राम बंद. मी खरंच मेलो, तरच तो चालू करायचा.

"हरी, ध्यानात ठेव. मंठ्याचं मशीन बंद दिसलं तर आधी मायला फोन. माय म्हनली बंद हाय, बंदच राहनार, तरच तुझं चालू कर."

"आक्का, किती डाव सांगशील? मी काय लहान हाय का?"

"लहान नाहीस, पन घाईचा हाईस."

मंग मायकडे वळून म्हणाली, "माय, याला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"न्हाई लावत बाई. तुझ्या राघूला मी काय खाऊन राह्यले का?"

दैवशाला गेली. खंडेनवमीची सकाळ उजाडली. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि पूजेला बसलेल्या हत्याराला काम सांगत नाहीत. पुष्पाबाईंनी इळा धुतला, कात्री पुसली, शिलाई मशीनचं चाक दोरीनं बांधलं. पाटावर सगळी ओळ मांडली. ब्लाउजच्या ऑर्डरी ज्यावर येतात तो फोनही बंद करून पाटावर ठेवला. "तू बी हत्यारच की रे," त्याला म्हणाल्या. हळदीकुंकू वाहत त्या गुणगुणत होत्या:

"इळा-कुऱ्हाड निजली, सूप निजलं भितीला,
आज लोखंडाला सुटी, हळद इळ्याच्या पातीला.
पिंजऱ्यातल्या लेकरा, तुझा डोळा का लागंना,
कुन्या जल्माचा पहारा, तुला 'नीज' कुनी म्हनंना."

गाणं थांबलं. त्या उठून माझ्यासमोर आल्या. जाळीवर हात ठेवला, तो कोमट झाला.

"तीन साल झाले," त्या माझ्याशीच बोलल्या. "बैलाला पोळा हाय, इळ्याला नवमी हाय. तुला काय हाय रे? पोरगी म्हनली हात लावू नको. तुला कुठं लावते? भिताडाच्या बटनाला लावते. नैवेद्य होईस्तोवर, दोन घंटे. नीज."

आणि त्यांनी बोर्डावरचं बटण खाली केलं. जाळीत झेंडूचं एक फूल खोवलं.

मित्रांनो, अशी माया माझ्यावर कुणी केली नव्हती. आणि त्याच मायेत घात होता.

पुढचं मला नंतर कळलं. बदनापूरला हरिओमच्या मोबाइलवर लाल खूण आली. त्यानं मायला फोन लावला. बंद. सात वेळा लावला, सात वेळा बंद. आक्काला लावला, ती मुलाखतीला बसलेली, तिचाही बंद. त्याला वाटलं, मंठ्याची लाइट आज गेली ती आलीच नाही, मायच्या फोनची बॅटरी उतरली. आक्काचा दाखला आज, नेमका आजच, डागाळणार. त्यानं नक्कल चालू केली.

आता बदनापूरचा तो संगणक माझ्या नावानं साक्ष देऊ लागला. इकडं पुरणाचा नैवेद्य झाला. शब्दाला जागणाऱ्या पुष्पाबाईंनी बटण वर केलं. मी उठलो, मागं राहिलेली पानं भराभर वाचली आणि सवयीनं तोंड उघडलं. मी नुकता जागा झालेला, एक पान मागंच होतो. त्यानं शेवटचं म्हणून जे पान दाखवलं, त्याच्या आधीचं पान मी दाखवलं. एक नाव, एक पाळी, दोन साक्षी.

अशा चुकीवर टपून बसलेले जाळ्यात असतातच. कुणीतरी दोन्ही साक्षी शेजारी-शेजारी ठेवल्या. काही मिनिटांत माझ्या नावाला डाग लागला, आणि मी बाहेर.

दुपारी हरिओम गाडीवर धापा टाकत आला. पाटावरचा बंद फोन त्यानं उचलला, मंग जाळीतल्या फुलाकडे बोट केलं.

"माय, काय केलं हे?"

"काय केलं? निजवलं त्याला जरा. उठवलं बी परत."

हरिओमनं समजावून सांगितलं. पुष्पाबाईंना अर्धंच कळलं, पण पोरीचं काहीतरी कायमचं मोडलं, एवढं कळलं. दसऱ्याला दैवशाला आली तेव्हा दोघं दाराशीच उभे होते.

"आक्का, मार मला," हरिओम म्हणाला.

"त्याला नको बोलू, बटन मी दाबलं," माय म्हणाली.

दैवशालानं पिशवी खाली ठेवली. पाणी प्यायली. मंग सांगू लागली, "त्यांनी माझ्यापुढंच माझं नाव उघडून पाह्यलं. मला वाटलं स्वच्छ असंल. तर तिथं डाग! म्हनले, तुमच्याकडून झालं का दुसऱ्या कुणाकडून? माझ्या जिभेवर आल्तं, की मी हितं हाय, मला काय ठाव? पन म्हनलं, चूक माझीच. उठल्यावर ऐकून घ्यायची सोय मी बंद ठेवल्ती. दोन-तीन साक्षी बुडू नये म्हनून."

"मंग काय म्हनले?" मायनं विचारलं.

"म्हनले, हे कसं झालं ते तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. मंग बघू."

उरलेली अनामत छत्तीस दिवस जाळ्यात अडकून पडणार आहे. नोकरीचं अजून काहीच कळलेलं नाही.

आज दैवशालानं कुलूप काढलं. पिंजऱ्याचं दार उघडं टाकून ती माझ्यापुढं बसली आणि माझ्यावरच लिहू लागली. मायनं बटण का दाबलं, भावानं सात फोन कसे केले, ते तिनं जसं झालं तसं लिहिलं. पण दोष दोघांच्याही माथी मारला नाही. पुष्पाबाई शेजारी बसून विचारत होत्या, "माझं नाव घातलंस का गं त्यात?"

"घातलं. 'माझ्या आईनं मशीनला सुट्टी दिली', असं लिहिलं."

"हसतील की गं लोक!"

"हसू दे. खरं हाय ना?"

मित्रांनो, यंत्रांना अधूनमधून विसावा द्या, पण ज्याचं यंत्र त्याला सांगून द्या. आणि आपलं माणूस दोन घटका गप्प दिसलं, तर घाबरून त्याच्या जागी बोलायला धावू नका. थोडा दम धरा. गप्प राहिल्याची चूक किरकोळ असते, भरून निघते.

तीन वर्षं मी परक्यांच्या पानांवर "होय, खरं आहे" म्हणत आलो. ते कुणी विचारलं म्हणून म्हणत नव्हतो, पाळी आली की म्हणत होतो. आता मला पाळी नाही. दैवशालानं शेवटची ओळ लिहिली, वरपासून खालपर्यंत सगळं पुन्हा वाचलं, आणि ते पान पुण्याला पाठवून दिलं. मित्रांनो, हे पान मी पाहिलं. ते खरं आहे.