भागाबाईंचा दुसरा कागद

मित्रांनो, मी ईसीजी काढणारे एक जुने यंत्र. औराद तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, कपाटाच्या खालच्या फळीवर, फुलाफुलांच्या कापडाखाली मी आता पडून असते. अर्धवट झोपेत मला अजून ठोके ऐकू येतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पण या दवाखान्यात येईपर्यंत मी मुकेच होते. इथे पहिल्यांदा माझे रबरी फुगे एका छातीला चिकटले आणि माझ्या सुईने गुलाबी चौकटींच्या कागदावर रेघ काढली. टेकडी, दरी, पुन्हा टेकडी. त्यानंतर किती हृदये ऐकली! शांत दुपारी खिडकीतून लिंबाची सावली माझ्यावर हलायची आणि वाटायचे, साऱ्या गावाचे ठोके एकाच लांब कागदावरून वाहत चाललेत. लोक म्हणायचे, "मशीननं सांगितलं म्हंजे खरं." मलाही ते पटू लागले होते.

तुरीच्या राशी चालू असताना, एका सकाळी भागाबाई आल्या. नवरा तात्याराव त्यांना हाताला धरून आणत होते. भागाबाईंचे लुगडे घामाने भिजले होते.

"छातीत दुखायलंय का, अक्का?" पवित्रा सिस्टरांनी विचारले.

"न्हाई वो. जबडा ताठलाय. पाठीत जड वाटायलंय. मळमळ बी हाय."

"पित्त हाय," तात्याराव म्हणाले. "सोडा पी म्हणलो, ऐकंना."

सिस्टरांनी मला जोडले. मी मन लावून ऐकले आणि लिहिले. रेघ सरळसाधी आली.

"बगा, कागद चांगला हाय!" तात्याराव उठले. "चल गं, रास तशीच पडलीय."

भागाबाईही उठू लागल्या. पण सिस्टर दारात उभ्या राहिल्या. "अप्पा, बसा. पहिला कागद चांगला आला तरी कधी कधी दुखणं नंतर दिसतं. घाम बघा त्यांचा. थोड्या वेळानं परत काढू."

"कामून? मशीन खोटं बोलायलंय का?"

मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाजल्यासारखे झाले. मी खोटे बोलले नव्हते. मला जेवढे दिसले तेवढेच मी सांगितले होते.

सिस्टरांनी भागाबाईंना टेबलावरून हलू दिले नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा फुगे लावले. या वेळी माझी सुई टेकडी चढली ती खाली यायलाच तयार नव्हती. रेघ वरच रेंगाळली. दवाखान्याच्या बुद्धरत्न डॉक्टरांनी कागद पाहिला आणि लगेच रक्त पातळ करणारी एक गोळी भागाबाईंच्या हातावर ठेवली. "ही चावून खा, आई. गिळू नका." पवित्रा सिस्टरांनी तोवर १०८ ला फोन लावला होता.

"मी मोटरसायकलवर नेऊ का?" तात्यारावांनी खिशातून किल्ली काढली.

"न्हाई, अप्पा," सिस्टर म्हणाल्या. "वाटेत काही झालं तर तुम्ही काय करणार?"

गाडी बिदरकडे गेली. माझा तो कागदही सोबत गेला. तिथे त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणारी बंद पडलेली वाट उघडली, असे मी नंतर ऐकले.

महिन्याभराने भागाबाई चालत आल्या. मशेरी सुटली होती, गोळ्या वेळेवर चालू होत्या. मागे तात्याराव बराच वेळ दाराशी घुटमळत राहिले. मग त्यांनी हळूच सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या.

"सिस्टर, माझा बी काढा. चढावर ओझं नेताना छाती आवळायलीय. वरीस झालं. थांबलं की कमी व्हतंय, म्हणून बोललो न्हाई."

भागाबाई त्यांच्याकडे वळल्या. "मला बी सांगितलं न्हाई तुमी?"

सिस्टरांनी त्यांचाही कागद काढला, आणि मोठ्या दवाखान्यात दाखवायची त्यांची चिठ्ठी बिदरला गेली. वेळेत गेली.

आता माझ्या जागी नवे, चपळ यंत्र आले आहे. माझी तक्रार नाही. फक्त एवढे ऐका, मित्रांनो. घरात कुणाची छाती आवळली, जबडा किंवा हात भरून आला, दम लागला, उगाच घाम फुटला, तर 'पित्त असेल' म्हणून त्यांना एकटे निजवू नका. लगेच दवाखान्याची गाडी बोलवा. आणि आजोबा चढावर मध्येच थांबून लांब कुठेतरी बघू लागले, तर जवळ जाऊन विचारा, "आजोबा, काय होतंय?" मनात दडवलेले दुखणे मला कळत नाही. ते तुम्हालाच विचारता येते.