पाचवी ट्रॉली

पपई भरायच्या शेडमधून आम्ही साडेसहाला सुटायचो. गेटबाहेर येईपर्यंत पाल्मिरा गावाला जाणारा रस्ता काळाकुट्ट झालेला असायचा. यानेत आणि मी, दोघी सायकलवर. तिच्या पोरीला, लेईदीला, बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातात धरलं होतं; मी तिची धर्मआई, म्हणजे आमचं नातं मैत्रीच्या पुढचं.

आधी मोठ्या रस्त्याच्या कडेकडेनं, मग तो ओलांडून उसातल्या वाटेनं घर. ओलांडणं जिवावरचं. अंधारात कारखान्याचे ट्रॅक्टर ऊस ओढतात, एकेकामागे चार ट्रॉल्या, आणि त्यांच्या मागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग. शेवटची ट्रॉली सरकली की रांग अंगावर यायच्या आत सटकायचं. धूळ आणि डोळ्यांवर येणारे दिवे, दिसत काही नाही. म्हणून मी मोठ्यानं मोजायची. मी "चार" म्हटलं की दोघी पायडल मारायचो. नऊ वर्षं हेच.

त्या सोमवारी आमचं वाजलं. यानेतला गाड्यांच्या दिव्यात चमकणारं जाकीट घालायचं नव्हतं.

"रस्ता खोदणारी दिसते मी त्यात. तू घाल, नूबिया, तुला शोभतं."

शेडमधल्या सगळ्या बायका हसल्या आणि माझं डोकं फिरलं. माझी जीभ वाईट आहे. मी म्हटलं, "नको घालूस. मेलीस की तुझी पोरगी माझ्याच गळ्यात पडणार आहे."

मग कोणी हसलं नाही. यानेतनं माझ्याशी बोलणं टाकलं. घरी जाताना वीस हात पुढे राहायची, वळूनही बघायची नाही.

गुरुवारी सकाळी कॉफी पिताना फानोर, माझा नवरा, म्हणाला, "आजपासून मागे पाच ट्रॉल्या लावणार आहेत." तो कारखान्याचा ट्रॅक्टर चालवतो. "यानेतला सांग."

"ती बोलत नाही माझ्याशी."

"ती बोलत नाही. तुला तोंड नाही का?"

दिवसभरात दोनदा तिच्या टेबलापाशी गेले. दोन्ही वेळा तिनं पाठ फिरवली, आणि मीही म्हटलं, गेलीस उडत. सुटल्यावर सांगू.

रस्त्यापाशी ती एक पाय टेकून उभी होती, जाकिटाशिवाय. ट्रॅक्टर जवळ आला होता. मी तिच्या शेजारी जाऊन थांबले. मला भांडण मिटवायचं होतं आणि माफी मागणं मला आयुष्यात जमलेलं नाही. म्हणून मी मोजायला लागले.

"एक."

तिनं वळून पाहिलं.

"दोन."

"आलीस का वठणीवर, म्हातारे?" ती म्हणाली. हसत होती. मला इतकं बरं वाटलं की माझा आवाज चढला.

"तीन. चार."

पुढचा आकडा म्हणायला मी तोंड उघडलं, तेव्हा ती शेजारी नव्हती. धुळीत तिच्या सायकलचा मागचा लाल दिवा दिसला, आणि त्यावर आडवी येणारी पाचवी ट्रॉली.

पोलीस टॉर्च घेऊन आला. यानेतवर कोणीतरी चादर घातली होती. त्यानं ती थोडी वर करून पाहिली आणि वही काढली.

"जाकीट नव्हतं?" त्यानं मला विचारलं.

"नव्हतं," मी म्हटलं.

त्यानं तेवढंच लिहून घेतलं. गावातही सगळे तेच बोलतात: बिचारी नूबिया तिला सारखी सांगायची, पण ऐकेल तर ना. फानोरनं मला एकदाच विचारलं, सांगितलं होतंस ना तिला, आणि मी हो म्हटलं.

लेईदी आता आमच्याकडेच असते. आठ वर्षांची आहे. शाळेच्या वाटेवर ती माझा हात घट्ट धरते, आणि रस्ता ओलांडायचा असला की माझ्याकडे बघत थांबते, मी मोजेन म्हणून.