सोळा लाल नट

मित्रांनो, कुठल्याही गाडीला तिचं लाडकं चाक विचारा, ती जमिनीवरच्या चौघींकडे बोट दाखवील. मी पाचवी. एका जुन्या लष्करी गाडीची तितकीच जुनी स्टेपनी. आयुष्यभर मी मागच्या दारावर टांगलेली राहिले, तेही मागे तोंड करून. पुढून काय येतंय ते मला कधी दिसलं नाही. काय मागे पडलं तेवढं मात्र नीट दिसायचं.

माझी घडण साध्या चाकासारखी नाही. मी म्हणजे दोन जाड लोखंडी थाळ्या, सोळा नटांनी एकमेकींना आवळलेल्या, आणि त्यांच्या मिठीत टायर. रानात पंक्चर झालं तर सैनिकांना साध्या पान्याने टायर उघडता यावा, म्हणून मला असं बनवलं. सोय मोठी, पण तिच्या पोटात धोका होता. टायरमध्ये हवा असताना ते सोळा नट सैल केले, तर आतली हवा दोन्ही थाळ्या उडवून बाहेर पडते. हवा म्हटली की तुम्हाला फुंकर आठवत असेल. माझ्या बहिणी त्याच हवेच्या जोरावर तीन टनांची गाडी पेलतात.

म्हणून फौजेत ते सोळा नट लाल रंगवलेले असत. मधले पाच नट काळे. ते काढले की अख्खं चाक निघतं, कुणाला काही होत नाही. लाल नटांना मात्र हवा सोडल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिथला नियम. दर सहा महिन्यांनी एक शिपाई रॉकेलचा बोळा घेऊन यायचा, माझा चिखल पुसायचा आणि बारीक ब्रशने एकेक नट लाल करायचा. "बायकोच्या नखांना कधी रंग लावला नाही, आणि तुझे लाड करतोय," असं पुटपुटायचा. मला तो उगाचचा नट्टापट्टा वाटे. पण त्याच्या हातून एकही नट कधी राहिला नाही.

माझे पाय जमिनीला दोनदाच लागले. पहिल्यांदा नुसती चाचणी होती. दुसऱ्यांदा मात्र नदीच्या दगडी पात्रातून अठरा किलोमीटर जायचं होतं आणि गाडीत दोन जखमी होते. दोघेही जिवंत पोचले. चालकाने उतरून माझ्यावर थाप मारली. उभ्या जन्मात मिळालेली शाबासकी ती एवढीच. पुढे गाडी म्हातारी झाली आणि आम्हाला एका कुंपणाआड उभं केलं. गवत वाढलं, सरडे माझ्यात ऊन खात बसू लागले. कितीतरी वर्षं आम्हाला कुणी विचारलं नाही.

मग लिलाव झाला आणि आम्ही एका घरच्या शेडमध्ये आलो. घरात आई, बाबा आणि अकरा वर्षांची मुलगी. मुलीला सगळे खारूताई म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. रेघ जराही वाकडी झालेली त्यांना खपत नसे. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहायचा, खारूचा काका. तो सुतार होता. वर्षभराची रजा काढून चौघांनी या गाडीतून लांब फिरायला जायचं ठरवलं होतं.

काय ती धांदल, मित्रांनो! बाबांनी जुन्या वायरी उपसून नव्या घातल्या. गिअरबॉक्समधून डांबरासारखं काळं तेल निघालं. आईने औषधांची पेटी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. काकाने तर गाडीच्या पोटात घरच मांडलं. घडीचे बिछाने, बाकाखाली पाण्याची टाकी, आणि गचके बसले तरी उघडणार नाहीत असे खण. तो एकेक खण लावायचा आणि खारूला म्हणायचा, "हलव बघू जोरात. उघडला तर मी सुतार नाही." ती जीव खाऊन हलवायची. खण उघडायचा नाही.

एकदा सुटे भाग पोचवायला फौजेतला एक म्हातारा फिटर आला. मला बघून त्याने बाबांना जवळ बोलावलं. "साहेब, हे लाल दिसतात ना? हवा आत असताना यांना पाना लागला, तर समोरचा माणूस उरत नाही." बाबांनी खारूकडूनही ते दोनदा म्हणवून घेतलं. काका त्या दिवशी प्लायवूड आणायला गेला होता.

पुढच्या आठवड्यात गाडीला रंग दिला. मळकट हिरवा जाऊन मस्त सायीचा रंग आला. माझी पाळी आली तेव्हा खारू डबा धरून उभी होती. बाबांचा ब्रश लाल नटांवरून फिरायला लागला, तशी ती म्हणाली, "बाबा, लाल पण?"

"गोवर आल्यासारखं दिसतंय गं ते."

"पण ते आजोबा म्हणाले होते..."

"आपल्याला माहीत आहे ना? मग झालं तर. लाल रंग ज्यांना माहीत नसतं त्यांच्यासाठी."

"आणि काकाला?"

"त्याला सांगू की."

सोळा नट आणि पाच नट, सगळे एकाच रंगाचे झाले. बाबा चार पावलं मागे जाऊन बघत राहिले. त्यांना मी फार आवडले. खोटं कशाला बोलू, मीही सुखावले. टायरमध्ये हवा गच्च भरून त्यांनी मला परत दारावर टांगलं. काकाला सांगायचं राहून गेलं.

निघायला चार दिवस उरले होते. बाबा विम्याच्या कागदांवर शिक्के घ्यायला गेले. जाता जाता भावाला म्हणाले, "मागचं दार काढून ठेव रे. कपाट तिथूनच आत जाईल." आई कामावर होती, खारू शाळेत. माझ्या वजनासकट दार निघणं शक्य नव्हतं, म्हणून काका आधी मला उतरवायला लागला. मला परत टांगताना बाबांनी मधले नट फार घट्ट आवळले होते. त्याने दोन-चार हिसके दिले, पाना घसरला, बोट सोलवटलं. मग त्याने बाहेरच्या नटांकडे पाहिलं. ते आधी काढल्याशिवाय मधले सुटायचे नाहीत, असं त्याला वाटलं. वाटणारच! दोघांत फरक दाखवायला तिथे होतंच काय?

बाहेरचे नट सहज फिरले. हरवू नयेत म्हणून तो एकेक आपल्या टोपीत ठेवत होता. सात झाले. नऊ झाले. माझ्या पोटातली हवा ढुशा द्यायला लागली. थांब रे बाबा, असं मला जिवाच्या आकांताने सांगायचं होतं. लोखंडाला कुठलं तोंड! अकरावा नट टोपीत पडला आणि त्याने बाराव्याला पाना लावला.

शेजाऱ्यांना वाटलं, कुणाकडे तरी गॅस सिलिंडर फुटला. माझी एक थाळी दारालाच राहिली, दुसरी पत्र्याची भिंत फाडून बाहेर पडली. तिच्या वाटेत काकाचा उजवा हात होता. डॉक्टरांना तो कोपरापासून काढावा लागला.

संध्याकाळी बाबा शेडमध्ये आले आणि माझ्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. दारात लोक जमले तेव्हा मात्र ते म्हणाले, "चाक जुनं होतं. लोखंड कुजलं होतं आतून." आईलाही तेच सांगितलं. खापर माझ्यावर फुटलं. लोखंड उलटून बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. खारू आईच्या पदराआड उभी होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर वळवली.

प्रवास राहिला. गाडीवर ताडपत्री आली. माझ्या दोन्ही थाळ्या शेडच्या कोपऱ्यात फेकून दिल्या. बाबा रोज भावाकडे जायचे, त्याला आंघोळ घालायचे, घास भरवायचे. सगळे म्हणत, भाऊ असावा तर असा.

सहा महिन्यांनी काका शेडमध्ये आला. त्याला आपली हत्यारं विकायची होती. रंधे, पटाश्या, करवती. खारू एकेक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवत होती. तो डाव्या हाताने दोरी बांधायला बघे आणि गाठ सुटे. बाबा चहा घेऊन आले.

"दादा, एक विचारू?" काका म्हणाला. "डोकं पोखरून निघालंय माझं. वीस वर्षं हत्यारं वापरली, आणि मी एवढा गाढव कसा? काहीतरी खूण असणार तिथे. मला कशी दिसली नाही?"

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "घाई केलीस तू. होतं असं माणसाकडून."

खारूच्या हातातला कागद थांबला.

"खूण होती, काका," ती म्हणाली. "ते नट लाल होते. बाबांनी वरून रंग मारला. डबा मी धरला होता."

काकाने भावाकडे पाहिलं. "दादा?"

बाबांनी चहा खाली ठेवला.

"सहा महिने मी स्वतःला शिव्या घालतोय," काका म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू मला रोज जेवण भरवलंस. आणि तेवढं एक वाक्य तुझ्याने सांगवलं नाही?" मग तो खाली बसला आणि पोरासारखा रडला. खारू त्याच्याजवळ बसली. तीही रडत होती, "मी आधीच सांगायला हवं होतं" असं परत परत म्हणत होती. त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "तू लहान आहेस गं," तो म्हणाला. पेटी एका बाजूने त्याने धरली, दुसऱ्या बाजूने तिने, आणि दोघं निघून गेली. चहा तसाच राहिला.

तेव्हापासून तो या घरी आलेला नाही. खारू सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जाते. हत्यारं त्याने विकली नाहीत म्हणे.

मित्रांनो, जे तुम्हाला माहीत आहे ते दुसऱ्यालाही दिसेल असं ठेवा. खुणा पुसू नका, भले त्या कितीही कुरूप दिसोत. आणि हातून चूक घडली, तर तिचा भार जो वाहतोय त्याला ती त्याच दिवशी सांगा. उशीर झाला की साधं वाक्यही उचलत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. बाबा आता रोज कचेरीतून आल्यावर शेडमध्ये येतात, माझ्यासमोर उकिडवे बसतात आणि म्हणतात, "चूक माझी होती. माफ कर." मग उठून, पँट झटकून ते घरात जातात. मला सांगून काय उपयोग? भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, चालत पाच मिनिटं. उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे. आज संध्याकाळीही ते आले होते. मला सगळं सांगितलं आणि घरात गेले.