तोंडपाठ तक्ता

आमचं दुकान आठवड्यातून दोनच दिवस उघडतं, शनिवारी आणि रविवारी. आणि त्याला दुकान म्हणायला जरा उदार स्वभाव लागतो. तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या, त्यातली पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे. तिच्या कट्ट्यावर कानातले आणि माळा मांडायच्या, दारावरची पाटी उलटवायची, की झालं. पाटीच्या एका बाजूला 'या' लिहिलंय आणि दुसऱ्या बाजूला 'नंतर या'. 'बंद' लिहायला आत्याची सक्त मनाई होती. आलेल्या माणसाला तोंडावर 'बंद' काय म्हणायचं, असं तिचं म्हणणं.

उरलेले पाच दिवस मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. काचा बसवायच्या, वाकड्या दांड्या सरळ करायच्या, लोकांना तक्त्यासमोर बसवून आकडे वाचायला लावायचे. दिवसभर हातात बारीक पक्कड असते, तिथूनच मला हा नाद लागला. एकदा मोडक्या चष्म्याच्या तारेचं मी कानातलं केलं, तर मालक म्हणाले, "पगार कमी पडतोय का?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बायकोने ते विकत घेतलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, वय वर्षं त्र्याहत्तर. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला यंत्र लावून, समोरच्या बोर्डाकडे न बघता, एका हाताने या भोकातली पिन काढून त्या भोकात घालायची. अर्ध्या शहराचे नंबर तिला अजून पाठ आहेत. माणसाचं नाव विसरेल, चेहरा विसरेल, पण नंबर विचारा, घडाघडा सांगेल. तीन वर्षांपूर्वी तिला तिच्या घराचे तीन जिने झेपेनात, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. पहिले सहा महिने ती खिडकीशी मांडीवर हात ठेवून बसून असायची. विचारलं की म्हणायची, "मी बरी आहे गं. सामान ठेवतात तशी ठेवलीयेस, ठीक आहे." माझ्या काळजात कळ यायची आणि चीडही यायची.

मग एका रविवारी माझ्या हातून मण्यांचा डबा सांडला. आम्ही दोघी जमिनीवर बसून मणी गोळा करत होतो. मी वर बघते तर आत्याने गोळा करता करता वीतभर माळ ओवली होती. त्या दिवसापासून टेबलाच्या डावीकडची खुर्ची तिची झाली. आठवड्याभरात ती शेजारणींना 'आमचा धंदा' म्हणायला लागली आणि महिन्याभरात माझ्या पक्कडीच्या कामात चुका काढायला लागली. माझी लहानपणची आत्या मला परत मिळाली होती. मी फार सुखात होते, खोटं कशाला सांगू?

तर अशा आमच्या दुकानात गायनमंडळाच्या बाई आल्या. या बाई समोरच्या माणसाशीही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. त्यांच्या मंडळात चोवीस जणी होत्या, रविवारी कार्यक्रम होता, आणि सगळ्यांच्या गळ्यात एकसारखी माळ हवी होती. पाच निळे मणी, एक हिरवा, परत पाच निळे, एक हिरवा. शनिवारी सकाळी दहाला न्यायला येणार. एवढं मोठं, तेही रंग मोजून ओवायचं काम आमच्याकडे आधी कधी आलं नव्हतं.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. दिवसा मी नोकरीवर असताना आत्या ओवणार. संध्याकाळी मी आले की पिवळ्या दिव्याखाली माळांना फासे बसवणार. तेव्हा माझी नजर फक्त दोऱ्याच्या दोन टोकांवर असते. मग आत्या माळ पातळ कागदात गुंडाळून डबीत ठेवणार. गुरुवारपर्यंत चोवीस डब्या एकावर एक रचून तयार होत्या. मी त्यांच्याकडे बघून स्वतःवरच खूश होत होते.

शुक्रवारी सकाळी कामावर निघण्याआधी सहज म्हणून एक डबी खिडकीतल्या उजेडात उघडली. पाच निळे, एक हिरवा. मग तीन निळे, दोन हिरवे. मग एक निळा आणि सलग चार हिरवे. दुसरी डबी उघडली, तर तिची सुरुवातच हिरव्याने. भराभरा चोवीस डब्या उघडल्या. चोवीस माळा, चोवीस तऱ्हा.

"आत्या! हे काय करून ठेवलंस?"

आत्या हात पुसत बाहेर आली. "काय झालं ओरडायला? मोजून ओवल्यात. प्रत्येकीत नव्वद."

"नव्वद आहेत गं! रंग बघ ना!"

तिने माळ नाकाजवळ नेली, इकडून तिकडून फिरवली आणि म्हणाली, "हो की. हा बघ, हा हिरवा चुकून आला मध्येच."

तिचं बोट एका निळ्याशार मण्यावर होतं.

माझा राग जिथल्या तिथे थिजला. पण डोक्यात गोंधळ उडाला. दर सहा महिन्यांनी मी स्वतः तिला आमच्या दुकानातल्या तक्त्यासमोर बसवत होते, आणि दर वेळी ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचत होती. मालक तर गिऱ्हाइकांना तिचं उदाहरण द्यायचे. मी म्हटलं, "चप्पल घाल. माझ्याबरोबर दुकानात चल."

"कशाला? माझे डोळे उत्तम आहेत."

"मग चालायला काय हरकत आहे?"

दुकानात मालक नुकतेच चहाचा कप घेऊन बसले होते. मी आत्याला खुर्चीत बसवलं. तिने पदर सावरला, मान ताठ केली आणि एखादी हुशार विद्यार्थिनी पुस्तक मिटून कविता म्हणते तशी सुरुवात केली. "आठ. मग तीन, पाच. मग नऊ, दोन, सहा. मग चार, सात, एक, पाच..."

मालकांनी कप खाली ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आत्या चालूच होती, एक अडखळ नाही की एक थांबा नाही. शेवटची ओळ तर तिने अशी म्हटली की टाळ्या वाजवाव्यात. "सात, दोन, नऊ, चार, सहा, तीन. झालं समाधान?"

मालक हळूच म्हणाले, "आत्याबाई, अगदी बिनचूक. पण हा जुना तक्ता झाला. नवा आम्ही परवाच लावलाय."

परवा मीच स्टुलावर चढून तो लावला होता. सगळ्यात वरचा आकडा पाच होता, माझ्या तळहाताएवढा मोठा.

मग मालकांना हसू आवरेना, त्यांचं बघून मला आवरेना, आणि शेवटी आत्याही हसायला लागली. उलगडा झाला तो असा: दुपारी मला डबा द्यायला ती यायची तेव्हा समोरच्या बाकावर बसायची. गिऱ्हाइकं मोठमोठ्याने आकडे वाचायची आणि ती ऐकायची. नंबर एकदा कानावरून गेला की तिच्या डोक्यातून हलत नाही. तिने तो तक्ता कधी पाहिलाच नव्हता, नुसता ऐकला होता. आणि मी दिवसभर दुनियेचे डोळे तपासून घरी येत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "का गं असं केलंस?"

"सांगितलं असतं तर मण्यांना हात लावू दिला असतास मला?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नसता दिला."

"मग?" ती खाली बघत म्हणाली. "सहा महिने त्या खिडकीत काढलेत मी, ठमे. परत तिथे नाही बसायचं मला. पण आता बसेन. तुझं नाव जायला नको माझ्यापायी."

मला रडू आलं आणि लाजही वाटली. मालकांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि मोतीबिंदू असणार म्हणाले, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काढला की लख्ख दिसेल. आत्या म्हणाली, "घ्या! दोन वर्षं मणी ओवतेय, आणि मोती निघाला डोळ्यात." पण हे म्हणताना ती नेहमीसारखी हसली नाही.

मालकांनी मला दिवसभराची सुट्टी दिली आणि वर स्वतःही यायला निघाले. दुकानाला कुलूप लावलं, खिशात भिंग टाकलं आणि म्हणाले, "रंग निवडायला दोन डोळे जास्त असलेले बरे." आम्ही घरी येऊन माळा कापल्या आणि मणी परातीत ओतले. मालक निळे-हिरवे वेगळे करायला बसले आणि मी ओवायला.

आत्या खिडकीशी जाऊन बसली. हात मांडीवर.

मी पक्कड चालवू शकते, ओवणं माझ्या नशिबात नाही. पंधरा मणी झाले की मोजणी चुकायची, चाळीस झाले की दोरा निसटायचा आणि मणी टेबलाखाली पळायचे. साडेबारा वाजले तेव्हा माझ्या दोन माळा झाल्या होत्या आणि बावीस बाकी होत्या. मालक कौतुकाने म्हणाले, "छान, छान," आणि घड्याळाकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"किती उसासे टाकतेस," खिडकीतून आवाज आला.

तेवढ्यात मला सुचलं, आणि आधी का नाही सुचलं म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला. आत्याने एक्स्चेंजच्या बोर्डाकडे बघून कधी काम केलं होतं? मी स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या, एक स्टीलची, एक काचेची. त्या डाव्या खुर्चीसमोर ठेवल्या आणि तिचा हात धरून तिला तिथे आणलं.

"डावीकडे स्टीलची वाटी, तिच्यात निळे. उजवीकडे काचेची, तिच्यात हिरवे. भरायचं काम आमचं. तू नुसतं ओव."

"आणि परत चुकलं तर?"

"तर चूक वाटी भरणाऱ्याची. मालकांना बोलू आपण."

"मला?" मालक म्हणाले.

आत्याने दोन्ही वाट्या चाचपल्या. डावीकडे नखाने टिचकी मारली, उजवीकडे मारली, दोन्ही आवाज ऐकले. मग तिने सुई हातात घेतली. पाचदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पाचदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन माळा होईपर्यंत ती गप्प होती, तिसरीला गुणगुणायला लागली आणि पाचवीला मालकांना दटावलं, "वाटी रिकामी होतेय, लक्ष कुठाय?" बिचारे मालक! स्वतःच्या दुकानात त्यांना कोणी असं बोललं नसेल. ते घाईघाईने मणी भरत होते, मी फासे बसवत होते, आणि आमच्या तिघांत जिला दिसत नव्हतं ती सगळ्यात पुढे होती.

संध्याकाळी सहाला शेवटची माळ डबीत गेली. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मी चोवीसच्या चोवीस माळा खिडकीत नेऊन तपासल्या. एकही मणी इकडचा तिकडे नव्हता.

शनिवारी दहाला बाई आल्या. एकेक डबी उघडून बघितली आणि खिडकीची काच थरथरेल अशा आवाजात म्हणाल्या, "अगदी एकसारख्या! मशीनवर केल्यासारख्या!"

"मशीन नाही हो," डाव्या खुर्चीतून आत्या म्हणाली. "एक्स्चेंज."

बाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या आणि आम्हाला रविवारचं पुढच्या रांगेतलं आमंत्रण देऊन गेल्या. कार्यक्रम उत्तम झाला. आत्या मला दर गाण्याला विचारत होती, "दिसतात ना नीट?" आणि मी दर वेळी सांगत होते, "झकास दिसतात."

पुढच्या दोन महिन्यांत आत्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी ती दुकानात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई! केस पांढरे झाले की तुझे! कधी?"

"झाली चार वर्षं."

"आणि पडद्यांना हा रंग कोणी निवडला?"

"तूच."

मग ती खिडकीकडे वळली. तिथे छोट्या स्टँडवर एक माळ होती. "शी! ही काय माळ आहे? तीन निळे, दोन हिरवे, मग नुसते हिरवेच हिरवे! कोणी केला हा वेंधळेपणा?"

त्या शुक्रवारी कात्री चालवताना एक माळ मी गुपचूप बाजूला ठेवली होती. पिशवीत जादा मणी होते, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. आत्याचा हात माळेवरून फिरला, आणि बोटांना ओळख पटली असावी. "माझी का गं ही?" म्हणाली आणि एवढी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "आणि तू ही विकायला ठेवलीस? कोण घेणार?"

"तिला चिठ्ठी आहे. वाच."

ती चिठ्ठी मी त्या शुक्रवारी संध्याकाळीच लिहून लपवली होती, तक्त्यासारखी, वरून खाली अक्षर बारीक होत जाणारी. अशी, की कोणी पाठ केलेली नसेल. आत्याने ती हातभर लांब धरली.

"ही," ती वाचायला लागली. "माळ. विकायची नाही."

शेवटची ओळ मी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिली होती. 'डावीकडची खुर्ची आत्याची, डोळ्यांना दिसो, न दिसो.'

आत्या थांबली.

"शेवटची ओळ राहिली," मी म्हटलं.

"वाचली."

"मोठ्याने वाच. तपासणी आहे."

तिने माळ गळ्यात घातली, चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली आणि डाव्या खुर्चीत जाऊन बसली.

"दहा वाजले, ठमे," ती म्हणाली. "पाटी उलटव."