एका आशियाई देशातील बहीण

दर गुरुवारी चार वाजता सांगलीत वीरधवल सरांच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमते, जगभरात छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी प्रार्थना करायला. भिंतीवर जगाचा नकाशा. ज्या देशात छळ, तिथे लाल टाचणी. मिशनची इंग्रजी पत्रिका महिन्याला येते, तिचं मराठी मी तिथेच वाचता वाचता करते. एक डोळा कागदावर, दुसरा माझ्या दोन वर्षांच्या अबोलीवर; टाचण्या खाली पडतात.

जूनमध्ये हरणाबाई आल्या. पूर्वेकडच्या एका वस्तीवरून, दोन एसट्या बदलून. घर मेंढरं राखणारं, आता थोडी ज्वारीही. घरात प्रार्थना सुरू केली म्हणून गावच्या गिरणीवाल्याने त्यांचं दळण बंद केलं होतं.

"आवं सर, लय न्हाई मागत. शिकल्यालं एक मानूस गिरणीपतुर संगं चला. परक्या मान्सापुढं त्यो न्हाई म्हनायचा न्हाई. पोरं घुगऱ्या खाऊन विटली."

सर निवृत्त मुख्याध्यापक. आधी खाकरतात, मग बोलतात. "बाई, आपलं काम जागतिक आहे. तुमची विनंती वर मिशनकडे पाठवू."

लिहायचं काम माझ्याकडे आलं. नियमाप्रमाणे, सुरक्षिततेसाठी, नाव काढलं, गाव काढलं, जिल्हा काढला, ज्वारीचं 'धान्य' केलं. सोबत कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, माझं मूल लहान. ते सगळ्यांना पटलं. मला तर फारच.

ऑक्टोबरची पत्रिका मी मोठ्याने वाचत होते. तिसऱ्या पानावर आलं, "एका आशियाई देशातील आपल्या बहिणीला गावात दळण दळून मिळत नाही." वाक्य माझंच होतं, वर पाठवलेलं. हॉल हळहळला.

"अगं बाई! काय माणसं असतात एकेका देशात," उत्कर्षा म्हणाली. तिने डोळेसुद्धा पुसले.

"लाओस असावा." सर टाचणी घेऊन उठले. "कुठे लावू?"

"सर, ही हरणाबाईंची विनंती आहे. जूनमधली. मीच लिहिलेली."

टाचणी सरांच्या हातातच राहिली. मग ते खाकरले. "इथे लावली तर येणारे-जाणारे विचारतील. त्यापेक्षा आपण प्रार्थना करू."

वीस मिनिटं केली. फार सुंदर झाली. देशाचं नाव कुणी घेतलं नाही. देवाला ठाऊक असणार.

आमेन झाल्यावर मी म्हणाले, "परवाच हरणाबाईंचा फोन आला होता. दळण अजून बंदच आहे. उद्या सकाळी सातची एसटी आहे, कुणीतरी जायला हवं."

सगळे एकदम चपला शोधायला वाकले. सरांनी गुडघ्याचं सांगितलं. मी सवयीने अबोलीला जवळ ओढलं. "मी गेलेच असते, पण हिला..."

"त्यात काय!" उत्कर्षाने तिला उचलून कडेवर घेतलं. "दिवसभर मी सांभाळते. तू जा गं बिनधास्त."

परकं माणूस दिसलं की किंचाळणारी माझी पोर तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसली.

 मी विचारलं, "सातचीच आहे का गं? नऊची नसते?"