धाकटीचं वाक्य

बाईंच्या क्लासात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. वाक्य इंग्रजीत करा, मोडकंतोडकं करा, पण तुमच्या घरातलं करा आणि खरं करा. कुणाचं वाक्य खोटं आहे हे ज्याला ठाऊक असेल त्याने खुशाल बाक वाजवायचा. बाक वाजला की वाक्यवाल्याने मुकाट खाली बसायचं. त्यामुळे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या खोलीत इंग्रजी किती पसरलं देव जाणे, लोकांच्या घरच्या बातम्या मात्र भरपूर पसरल्या.

थोरलीने क्लासला नाव घातलं ते काही इंग्रजीच्या प्रेमापोटी नव्हे. धाकट्या जावेने घातलं म्हणून घातलं. तेवढा तासभर सासूबाईंजवळ थोरलीचा नवरा बसायचा.

धाकटीकडे सगळंच होतं. चष्म्याच्या दुकानात काउंटरवरची नोकरी, गोड गळा, कुणाशीही दोन मिनिटांत जमवून घ्यायची हातोटी. थोरलीकडे सासूबाई होत्या. खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्यापासून अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, भांडं देणं, सगळं थोरली एकटी करायची. येणारेजाणारे म्हणत, "सून असावी तर अशी!" तेवढ्यावर तिचा दिवसभराचा शीण उतरायचा. धाकटी मदतीला आली की ती म्हणायची, "राहू दे गं, तुला नाही जमायचं." त्यात माया किती आणि पहारा किती, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या संध्याकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'लुक आफ्टर'. म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. "चला, रोजच्या जगण्यातलं वाक्य करा."

वॉचमन उठला. "आय लुक आफ्टर द बिल्डिंग. नोबडी लुक्स आफ्टर मी." शिंपीकाका म्हणाले, "माय वाइफ लुक्स आफ्टर माय शुगर." लगेच त्यांच्या शेजाऱ्याने बाक वाजवला. काका रोज बेकरीत उभे असतात म्हणे, बायकोच्या नकळत. वर्ग खो खो हसला आणि काका कपाळावर हात मारून बसले.

थोरली हसली नाही. ती मनात वाक्य घोकत होती. हे क्रियापद जणू तिच्यासाठीच जन्माला आलं होतं! आजवर या वर्गात तिला सांगण्यासारखं काही नव्हतं, आज होतं. पण बाईंनी बोट दाखवलं ते धाकटीकडे.

धाकटी उठली. थोरलीकडे न बघता, हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "आय लुक आफ्टर माय मदर-इन-लॉ. एव्हरी आफ्टरनून."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज दुपारी? दुपारी ही बया दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवत असते! कष्ट उपसायचे एकीने आणि वाक्य करायचं दुसरीने? तिने बाक असा वाजवला की पुढच्या रांगेतली वॉचमनची टोपी खाली पडली.

"खोटं आहे!" ती मराठीतच म्हणाली. "आईंचं सगळं मी करते. ही दुपारी घरात नसतेच मुळी."

या वेळी कुणी हसलं नाही. धाकटी नियमाप्रमाणे खाली बसली. मग बाईंनी थोरलीला उठवलं. तिने तेच वाक्य केलं, एकही चूक न करता. बाई "करेक्ट" म्हणाल्या. घरी येताना दोघी जावा रस्त्याच्या दोन कडांनी चालत आल्या.

सासूबाईंना भरवताना थोरलीने सगळं मीठमसाला लावून सांगितलं. सासूबाईंनी पुढे आलेला चमचा हाताने बाजूला केला.

"तिला सगळ्यांसमोर खाली बसवलंस?"

"मग? खोटं बोलत होती."

"खोटं नव्हतं गं ते. दुपारी तुझा डोळा लागला की ती येते. मागच्या दाराने, चपला हातात घेऊन. माझे पाय चोळते, वेणी घालते, डबा इथेच बसून खाते आणि परत जाते."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?"

ती डोळ्यांत तेल घालून जागी राहिली असती, हे दोघींनाही माहीत होतं.

"मी काय कमी केलं तुमचं?" तिचा आवाज चिरकला.

"काही कमी नाही. तू आहेस म्हणून मी धड आहे. पण तुझा दमलेला चेहरा बघितला की मी शहाण्या आजाऱ्यासारखी गप्प पडून राहते. तिच्याशी मी भांडते. तुमच्या सगळ्यांच्या चहाड्या करते. हसते."

नवरा दुसरीकडे गेला असता तरी थोरलीला इतकं झोंबलं नसतं. पाय चोळले ते चोळले. पण हसणं? या बाईला हसताना तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. उष्टी वाटी तिने दोनदा विसळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोळे मिटून पडली, पण झोप कसली येतेय! थोड्या वेळाने मागचं दार अलगद वाजलं. शेजारच्या खोलीत कुजबुज सुरू झाली.

"आई, क्लास सोडला मी."

"का गं?"

"ताईंना त्रास होतो. तुमचं करणं, त्यांना तेवढं एकच आहे हो."

शिवी दिली असती तर परवडली असती. थोरलीने पदर दातांत धरला. मग सासूबाई काहीतरी पुटपुटल्या आणि दोघी फिस्सकन हसल्या, तोंडावर हात ठेवून हसतात तसं.

ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. हसणं थांबलं. फणी केसांत अडकलेली तशीच राहिली. चोरून खाताना पकडल्यासारख्या दोघी तिच्याकडे बघत होत्या, एक सत्तरी ओलांडलेली, एक तिशीतली. थोरलीला वाटलं, आपण येतो तेव्हा घरात हे असं होतं. जिभेवर ढीगभर टोमणे तयार होते, पण एकही बाहेर पडेना.

"तेलाची मोठी बाटली वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली. "त्या छोटीत काही उरलं नाही."

धाकटीने वर फळीकडे पाहिलं.

"आणि क्लास सोडायचा नाही. बाक मी चुकीचा वाजवला, हे बाईंना मीच सांगेन. सगळ्यांसमोर."

"ताई, बसा ना इथे जरा."

"नको. मला झोप येतेय."

ती परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. पलीकडे अगदी चिडीचूप झालं होतं. फळीवरून बाटली काढल्याचा आवाज आला, मग फणी फिरू लागली, पण बोलणं काही सुरू होईना. हसा की आता, मेल्यांनो, ती मनात म्हणाली. जीव जळत होता तो जळतच होता, आणि तरी कान देऊन ती त्यांच्या हसण्याची वाट बघत राहिली.