चपटा बॉल

हंबीररावांनी भजी खाल्लेलं बोट तसंच ओल्या प्रिंटवर टेकवलं आणि फोटोग्राफर गौसला शिसारी आली.

“ह्यो बॉल असा का?”

“कसा?”

“चपटा. फुटका बॉल घिऊन खेळत्यात व्हय आमची पोरं?”

हंबीरराव म्हणजे शाळेचे अध्यक्ष. यंदा शाळेला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि नेमका यंदाच अकरावीतला जोतीराम जिल्ह्याच्या टेनिस स्पर्धेत फायनलपर्यंत पोचला होता. त्याचा हातभर मोठा फोटो शाळेच्या सभागृहात लागणार होता आणि खाली ठळक अक्षरांत गौसचं नाव येणार होतं. अध्यक्षांबरोबर जोतीरामही आला होता. तो स्टुडिओच्या दाराशी गप उभा होता.

“साहेब, फुटका न्हाय त्यो,” गौस म्हणाला. “रॅकेटवर आपटला की बॉल असाच दबतोय. आपल्या डोळ्याला दिसत न्हाय एवढंच. कॅमेऱ्यानं बरोबर धरलाय.”

“डोळ्याला दिसत न्हाय ते भिंतीवर टांगून कशाला दाखवायचं? पावणं हसतील. गोल करा त्याला. आणि हे तोंड बघा की! केवढा आऽ केलाय. मिटवा ते बी.”

“तोंड मिटवू?”

“दर साली करतायसा की, गौसभाई. झ्याक करताय.”

दर साली! गौसला कुणी थोबाडीत दिली असती तरी इतकं लागलं नसतं, कारण हंबीरराव बोलले ते खरंच होतं. टेनिसचे फोटो काढायला लागल्यापासून त्याच्या एकाही फोटोत बॉल म्हणून सापडला नव्हता. पोरं हवेत हात फिरवताना दिसायची, माश्या हाकलल्यासारखी. पहिल्याच वर्षी हेडमास्तरांनी विचारलं, बॉल कुठाय? गौसनं ब्रश घेतला, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवून दिला. काय वाहवा झाली म्हणता! तेव्हापासून तो दर साली ठिपके ठेवत आला. त्याच ब्रशानं तो नवरदेवांच्या तोंडावरचे फोड पुसायचा, सावळ्या पोरींना गोऱ्या करायचा, मेलेल्या म्हाताऱ्यांचे मिटलेले डोळे उघडायचा. टचिंग म्हणायचं त्याला. हल्ली तो ब्रश हातात धरायलाही गौसला नको वाटायचं. आपण फोटोग्राफर नव्हेच, थापाडे आहोत, असं तो बायकोला, हाफिजाला, म्हणाला होता. ती म्हणाली, मग जेवा आता.

यंदा मात्र त्यानं ठरवलं होतं, बॉल मिळाला तर खरा, नाहीतर फोटोच द्यायचा नाही. त्यासाठी त्यानं किती रिळं वाया घालवली ते त्यालाच ठाऊक. हळूहळू त्याला आपली चूक उमगली. बॉलचा ठप्प आवाज ऐकून बटण दाबलं की उशीर झालेलाच असतो. मग त्यानं बॉलकडे बघणंच सोडून दिलं. पोराचा खांदा वळला रे वळला की दाबायचं. फायनलला तो नेटच्या खांबाला खेटून बसला, कॅमेरा आधीच नेटजवळच्या जागेवर नेम धरून ठेवला, आणि जोतीराम धावत तिथं आला.

आणि हा फोटो आला. रॅकेटच्या तारांत रुतलेला बॉल, मागं वाकलेल्या तारा, बुटांखाली उडालेला मुरूम, नेटच्या पलीकडचं रिकामं कोर्ट आणि चुन्याची लाइन. यातलं काहीच गौसनं रंगवलेलं नव्हतं.

“सोमवारी माणूस धाडतो,” हंबीरराव उठले. “गोल पायजे. न्हायतर दुसरा फोटोग्राफर बघतो मी.”

त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत गौस थांबला. मग दाराकडे वळून कडाडला.

“आणि तू रं? मिठाची गुळणी धरलीतीस काय तोंडात? तुझा फोटो हाय, बोलायचंस की!”

“गोल केला तरी चालंल, चाचा.”

“तुला बी गोल पायजे?” गौस खिडकीतून बाहेर पचकन थुंकला. “शी! सगळी एकाच माळेचं मणी. अरं, खरा हाय त्यो! असा फोटू अख्ख्या कोल्हापुरात कुणी काढलेला न्हाय!”

जोतीराम टेबलाजवळ आला. हात पाठीमागं बांधून त्यानं बराच वेळ फोटो बघितला.

“ह्यो शेवटचा बॉल हाय,” तो म्हणाला.

“कशाचा शेवटचा?”

“मॅचचा. इचलकरंजीचं पोरगं घसरून पडलंतं. समोर सगळी जागा मोकळी. नुसता पलीकडं टाकायचा हुता. नेटात घातला मी. ह्याच्यावरच हरलो.”

गौस फोटोवर वाकला. बटण दाबल्यावर बॉल कुठं गेला? त्याला काही केल्या आठवेना. जोतीराम हरला हे त्याला संध्याकाळी दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं.

“सगळी गप झालती,” जोतीराम म्हणाला. “ड्रिलचं सर तर डोकं धरून खाली बसलं. आणि तुमी एकटं उठून उडी मारलासा, चाचा. ‘घावला, घावला’ म्हणून वरडलासा. मला वाटलं, मलाच हसतायसा.”

खाली रस्त्यावरून एक टांगा गेला. गौसनं पुन्हा फोटोतलं ते उघडं तोंड पाहिलं. चार दिवस तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, बघा पोराचा जोर बघा! आता त्याला स्वतःचीच किळस आली. हंबीररावांच्या बोटाची आली नव्हती एवढी आली.

“माझं ध्यानच न्हवतं, बाळा.”

“न्हवतंच,” जोतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच गौसला जास्त झोंबलं.

गौसनं दोरीवरची दुसरी, वाळलेली प्रिंट काढली, बशीत रंग कालवला आणि ब्रशचं टोक ओठांत ओढून बारीक केलं. आधी करड्या रंगानं तो चपटा बॉल बुजवला. मग पेन्सिलीनं त्यावर एकेक तार ओढली. रॅकेट रिकामी झाली.

“अध्यक्षांनी तितंच गोल कराय सांगितलंय की,” जोतीराम म्हणाला.

“त्यांस्नी गोल पायजे. कुठं पायजे ते तू सांग.”

“खाली नाव तुमचं येणार, चाचा.”

“येऊ दे.”

जोतीरामनं बोट पुढं केलं आणि कागदाला न लावता नेटच्या पलीकडं धरलं. गौसनं पांढरा रंग घेतला आणि ब्रश खाली आणला.

“जरा अजून आत,” जोतीराम घाईनं म्हणाला. “लाइनीजवळ नको. वाद घालत्यात.”

गौसनं ब्रश आणखी आत घेतला.